आडवी रेघ

३ मार्च
नकाशा झाला एकदाचा! जगाच्या हवामान-मॉडेलमध्ये एक चौकोन म्हणजे शंभर किलोमीटर — डोंगर, शहर, आमचं गाव, सगळ्यांवर सारखाच पाऊस. जुन्या नोंदींच्या आधारे आम्ही त्याचे किलोमीटरभराचे तुकडे पाडले. आता पुढच्या तीस वर्षांचा पाऊस गावागावाचा वेगळा दिसतो. आमच्या गावावर मात्र पिवळा ठिपका. चहूकडे मुसळधार अन् आम्हीच तेवढे कोरडे? गंमतच आहे.

४ मार्च
ताईचा फोन. ओढ्याकाठी जागा घेतलीय, सोमवारी घराचा पाया खणणार. "पाणी शिरेल का गं? तुझा नकाशा काय म्हणतो?" म्हटलं, बिनधास्त बांध.

६ मार्च
ठिपका डोक्यातून जात नाही. साहेब म्हणतात, "डोंगराआड असेल, सोडा हो." सोडवत नाही!

७ मार्च
मूळ वह्या काढल्या. गावातला पाऊस तीस वर्षं बाबांनीच मोजला, त्यामुळे अक्षर ओळखीचं. कोरड्या दिवशी शून्य. मधूनच एखादी आडवी रेघ. संगणकावर मात्र रेघेचंही शून्य झालंय. कुणी केलं? मीच! नोकरीच्या पहिल्या वर्षी. रेघ म्हणजे काही नाही, असं धरून मोकळी झाले. स्वतःच्या बापाला एक फोन करावा, तर नाही.

८ मार्च
आज केला.
"शून्य म्हणजे बघितलं, पाऊस नव्हता. रेघ म्हणजे मोजताच आलं नाही."
"का? कंटाळा यायचा?"
असले चिडले! "पर्जन्यमापक पलीकडच्या काठावर. ओढा चढला की पोहत जाऊ? पाणी उतरल्यावर जावं, तर भांडं भरून वाहिलेलं. सांडलेलं कसं मोजणार? मारली रेघ. इतक्या वर्षांनी आत्ता विचारतेस होय!"

म्हणजे सगळ्यात जास्त पावसाच्या दिवशी मी शून्य लिहिलं.

रेघा मोजल्या. पहिल्या दहा वर्षांत चार. शेवटच्या दहा वर्षांत एकतीस. ताईला तीनदा फोन केला — बंद.

९ मार्च
साहेबांना सगळं सांगून नकाशा मागे घेतला. ताई दुपारी सापडली. खणू नकोस म्हटलं, चूक माझी आहे. मग म्हणाली, "बाबा नकोच म्हणत होते गं. मीच त्यांना म्हटलं — तुम्हाला काय कळतंय, धाकटी शिकलेली आहे."