वॉर्निश ओलं आहे

१ नोव्हेंबर १९८९, पाचोरा

आले बाई एकदाची! धुळ्याहून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण घर बघितलं आणि सगळा शीण उतरला. खाली घरमालकांचं कापसाचं कोठार, वर माझ्या दोन खोल्या, आणि मागच्या खोलीला लागून चक्क सागवानी फळ्यांची गॅलरी. समोर केळीची बाग. दिवाळीची सुट्टी संपली की कन्याशाळेत शिवणाच्या बाई म्हणून रुजू व्हायचं. तोवर वेळच वेळ.

घरमालक शालिग्राम आबा म्हणाले, गॅलरीची पार दशा झाली आहे, उखडून सिमेंट टाकणार. मी म्हटलं, आबा, हात लावायचा नाही. सागवान आहे ते, वरून करडं पडलंय, आत ठणठणीत असेल. मी करून देते नवं. आबा मिशीत हसले. हसू देत.

हे असते तर मला नुसतं चहाला बसवलं असतं आणि स्वतः सगळं केलं असतं. आमच्या धुळ्याच्या घराचं प्रत्येक दार ह्यांच्या हाताखालून गेलेलं. मी शेजारी उभी राहून बडबडायची, तेवढ्यावर शिकले. गेल्या वर्षी भाद्रपदात गेले. नवीन गाव, नवीन घर, रडायचं नाही असं ठरवून आले आहे.

३ नोव्हेंबर

गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून काथ्याच्या ब्रशानं फळ्या घासल्या. काय ती घाण! शेवाळ, कबुतरांची विष्ठा, कुणीतरी सांडलेलं रॉकेल. काळं पाणी खाली गेलं तशी शेजारच्या भिकुबाई अक्का अंगणातून ओरडल्या. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. शेवटी त्याच वाटीभर शेवभाजी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, या गॅलरीत कुणी भाडेकरू बसत नाही. मी म्हटलं, मी बसणार. पाय सोडून बसणार.

आता दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्यायचं. ओल्या लाकडाला तेल पाजलं तर ते पीत नाही.

६ नोव्हेंबर

काचपेपरनं घासायला घेतलं. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवं कधी नाही, ह्यांची शिकवण. खालून मधासारखा रंग निघाला आणि मला एकदम रडूच आलं. दाखवू कुणाला?

हात भरून आले म्हणून भुसा झाडायचा तसाच ठेवला. गव्हाच्या पिठासारखा बारीक थर बसलाय सगळीकडे.

७ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं. भुशावर पावलं आहेत.

कठड्यापासून निघालेली, दाराकडे येणारी. वाऱ्यानं कडा मोडल्यात, नीट कळत नाही. पण अनवाणी पावलं. खालून गॅलरीत यायला जिना नाही, घराचा जिना पुढच्या खोलीत.

हे गेले तेव्हा दहाव्याला दिरांनी रीतीप्रमाणे, जिथे जीव गेला तिथे पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. जीव कोणत्या जन्माला गेला ते पावलावरून कळतं म्हणून सकाळी घरचे सगळे बघायला जमले. पिठावर काही म्हणजे काही नव्हतं. चिमणीचं नाही, मुंगीचं नाही. दीर म्हणाले, वहिनी, जीव कुठेच गेला नाही, अडकला. वर्षभर तो शब्द उरात घेऊन फिरते आहे.

आणि आज पाऊल उमटलं. माझ्या मागे मागे इथवर आले!

मी उंबऱ्याशी बसले आणि म्हटलं, "अहो, बाहेर का उभे? आत या ना."

८ नोव्हेंबर

पावलं उंबरा ओलांडून आत आली आहेत. खोलीतल्या फरशीवर भुसा. माझ्या पलंगापर्यंत.

मी भुसा झाडला नाही. सकाळी दोन कप चहा केला. वेडी म्हणा. वर्षानं मी ह्यांच्याशी भांडले, चहात साखर कमी पडली म्हणून स्वतःच रुसले, स्वतःच हसले. फार बरं वाटलं.

फक्त खोलीत फार गार आहे.

१० नोव्हेंबर

आज एक पाऊल अगदी स्वच्छ उमटलंय. शेजारी दुसरं. दोन्ही पूर्ण टेकलेली. टाच, तळवा, पाची बोटं.

ह्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय कधी पूर्ण टेकला नाही. फक्त बोटं टेकायची आणि मागे रेघ ओढली जायची. वीस वर्षं मी ती रेघ अंगणात बघितली.

हे ते नाहीत.

११ नोव्हेंबर

भिकुबाई अक्कांकडे गेले. सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, कशी हाक मारलीस? मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला.

"बिगर नावनी हाकले कोणीबी येस, बाई."

बिननावाची हाक, कुणीही यावं. अहो! साऱ्या बायका नवऱ्याला अहोच म्हणतात. वीस वर्षांत मी ह्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. शाळेच्या कागदावरही दुसऱ्याकडून लिहून घेतलं. लाज, रीत, काय म्हणायचं ते म्हणा. दहाव्यालाही नाव घेऊन हाक मारा म्हणाले होते, मी पदर तोंडात कोंबून बसले.

अक्का म्हणाल्या, आधी गॅलरी बंद कर. फटी भर, तेल, वॉर्निश. लाकूड उघडं ठेवू नकोस, त्याची यायची वाट तीच.

१२ नोव्हेंबर, सकाळ

फटींत मेण आणि राळ भरली. जवसाचं तेल कालच पाजलं होतं. आता वॉर्निश. कठड्यापासून सुरू करायचं आणि मागे मागे सरत दाराशी संपवायचं, म्हणजे आपलाच पाय ओल्यात पडत नाही.

शेवटचा हात मारला. आत आले. कडी घातली.

मग लक्षात आलं. बाहेरून कुणी येऊ नये म्हणून सगळं केलं — आणि तो तर आत —

१२ नोव्हेंबर, दुपार

पलंगाच्या पलीकडे उभा आहे. दिसत नाही. तो उभा राहतो तिथली फरशी तेवढी ओली होते. मी जिन्याकडे सरकले की जिन्याकडे येतो.

वही हातात धरून लिहिते आहे.

नाव घेऊन बघितलं. हळू. तोंडात बसेना. मग मोठ्यानं. अभिमन. अभिमन मोतीलाल.

हा हलला नाही. त्याचं नाव नाही ते.

गॅलरीत फळी वाजली —

खिडकीतून दिसतंय. ओल्या वॉर्निशवर. उजवं पाऊल पूर्ण. डाव्याची नुसती बोटं. मागे रेघ. परत उजवं. चिकटतंय, ओढून काढावं लागतंय, तरी येताहेत. एवढंच हवं होतं त्यांना? एक नाव? वर्षभर कुठे उभे होते हो —

दाराशी आले. थांबले.

हा आता दाराच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिला. कडीपाशी.

बाहेर पावलं वळताहेत. आत कुणी आहे असं वाटलं त्यांना. माझ्या घरात दुसरं कुणी — नाही हो, नाही — कठड्याकडे चालले —

अभिमन, थांबा. मी येते. मला कडीपर्यंत तेवढं —