केस आणि इकामा

२० सप्टेंबर १९९७, शनिवार

केस कापायचे! नूरुद्दीननं आज सगळ्या वर्कशॉपसमोर सांगितलं. आमचा फोरमन, हैदराबादचा. "तुलशीदास, ये औरतों जैसे बाल रहे तो मुदीर इकामा रिन्यू नहीं करेगा." मुदीर म्हणजे मॅनेजर; त्यानं इकामा, हा इथे राहायचा परवाना, अडवला की नोकरी गेली. २५ ऑक्टोबरला संपतो.

कमरेपर्यंत आहेत केस. गावी दशावतारात द्रौपदी मी, तारामती मी — आणि टोप नाही, स्वतःचा अंबाडा! तीन वर्षं झाली, इथे आखातात, अर्दियात दारं-कपाटं करतो. सुतारकामात केस कुठे आडवे आले?

२१ सप्टेंबर

मशीनच्या करवतीत अडकतील म्हणे. हे मात्र खरं. घट्ट फडकं बांधलं, वर टोपी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. खोलीवरच्या रूपेशनं ओढत सलूनमध्ये नेलं. न्हाव्यानं कात्री हातात घेऊन विचारलं, "पक्का?" — मी उठून बाहेर! रूपेश हसून हसून फुटपाथवरच बसला.

१ ऑक्टोबर

मुदीर आला. सोबत त्याचे म्हातारे वडील, काठी टेकत. नूरुद्दीननं मला टोपी-फडकं काढायला लावलं. केस सुटले. करवती थांबल्या. वाटलं, संपलं!

म्हातारा जवळ आला. केस हातात घेतले, वजन करावं तसे. अरबीत काहीतरी बोलला नि डोळे पुसले. नूरुद्दीनचा चेहरा पडला. "बोल रहे हैं, इनके वालिद की भी ऐसी चोटियाँ थीं. ऊँट चराते थे."

मग म्हाताऱ्यानं नूरुद्दीनकरवी विचारलं, ठेवलेस कशाला? म्हटलं, नाटकात बाई होतो. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. "यहाँ करते हो नाटक?" — नाही, गावी. "तो यहाँ किसके लिए?"

मी फडकं पुन्हा बांधायला घेतलं.

मुदीर म्हणाला, खलास, विषय संपला, राहू देत. फक्त मशीनवर बांधून घे. वाचलो!

२ ऑक्टोबर

नूरुद्दीननं आवळ्याचं तेल आणून दिलं! वर दम — "बीवी का है. किसी को बताना मत." आज दिवसभर शिट्टी वाजवत रंधा मारला.

६ ऑक्टोबर

इकाम्याचे कागद आले. आणखी दोन वर्षं. उद्या सही.

झोप नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. घर बांधायला आलो होतो, ते बांधून झालं. छप्पर आलं, रंग आला. मग?

७ ऑक्टोबर

सही केली नाही. नूरुद्दीन म्हणाला, "पागल है क्या?" बायकोला, द्वारकाला फोन केला. घाबरतच सांगितलं — कायमचा येतोय, दशावताराच्या जत्रांच्या आधी. ती म्हणाली, "येवा. तुमचा लुगडा इस्त्री करून ठेवतंय."