मातृभाषेचा रकाना

सांबरा,
रविवार, दुपार

प्रिय भाग्या,

पत्र बघून आधी तू हसशील. सकाळीच दोघी फोनवर अर्धा तास बोललो आणि दुपारी ही बया वहीची पानं फाडून पत्र लिहायला बसली, म्हणजे हिला ऊन लागलं असणार, असं म्हणशील. म्हण. सकाळी तू बोलत होतीस आणि मी नुसती हं हं करत होते, ते तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तू म्हणालीस, "गुरुवारी कोल्हापूरला येतीस न्हवं? आमचं घर बघितलेलं, घरातलं बोलणं ऐकलेलं माणूस घेऊन या म्हणत्यात. तुझ्याबिगर कोण हाय गं मला?" मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. दुपारचं ताट तसंच परत केलं. आई म्हणते पित्त झालंय, आलं चघळ. मी आलं चघळत हे लिहिते आहे.

गुरुवारी काय होणार हे मला तुझ्याइतकंच पाठ झालंय. लॉ कॉलेजच्या यादीत तुझं नाव लागलं, तुझ्या आप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि दहाव्या दिवशी कॉलेजातून फोन आला की प्रवेश थांबवलाय. निनावी अर्ज आलाय. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ठेवलेल्या जागेवर जी मुलगी निवडली आहे, तिची मातृभाषा मराठी नाहीच, असं त्यात लिहिलंय. आता गुरुवारी कागद पुन्हा तपासणार, तुला विचारणार, तुझ्यासोबत आलेल्या माणसाला विचारणार. आणि ही जागा गेली तर पुढं काय, तेही मला ठाऊक आहे. तुझी आई गोकाकच्या मामाला शब्द देऊन बसली आहे: पोरगी शिकली तर शिकली, नाहीतर दिवाळीनंतर तुमच्या रविराजला. तू त्याची थट्टा करतेस, चष्मा काढला की त्याला म्हैस दिसत नाही म्हणतेस, पण परवा ती थट्टा अर्ध्यातच सोडून तू फोन ठेवलास.

भाग्या, आज मी तुला एक जुनी गोष्ट सांगणार आहे आणि तू ती निमूट ऐकायची. वकील व्हायचं हे माझं होतं. तुझं नव्हतं. आठवीत असताना बांधाच्या भांडणाच्या तारखेला मी आप्पांबरोबर बेळगावच्या कोर्टात गेले होते. आमचे आप्पा, जे चावडीवर कुणाला बोलू देत नाहीत, ते तिथं हातात टोपी घेऊन कोपऱ्यात उभे होते. आणि आमच्या बाजूच्या वकीलबाई, ठेंगण्याशा, पायात साधी चप्पल, पुढं होऊन असं काही बोलल्या की समोरचा माणूस कागद चाळायला लागला. दुसऱ्या दिवशी शाळेत डबा खाताना मी तुला ते सगळं करून दाखवलं. ओढणीचा काळा कोट केला होता. तू पोट धरून हसलीस आणि म्हणालीस, "तू वकील हो, मी तुझी पिशवी धरतो." तेव्हा तू मुलांसारखंच बोलायचीस, करतो, जातो. ते वाक्य मी चार वर्षं जपून ठेवलं. मी वकील आणि तू पिशवी धरणारी. मला हे चित्र किती आवडायचं, ते आज लिहिताना लाज वाटते.

मग बारावीत तुला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं आणि सगळ्या मास्तरांना एकाएकी साक्षात्कार झाला की भाग्यलक्ष्मीनं कायदा शिकावा. आमच्या घरीसुद्धा. आप्पा म्हणाले, "ती पोरगी वकील झाली तर जज्जालाच गप करंल. लई त्वांडाची हाय." मी तिथंच भाकरी थापत होते. माझ्याकडं बघून कुणी काही म्हणालं नाही. तू मात्र धावत येऊन मला मिठी मारलीस, दोघी मिळून जाऊ, एका खोलीत राहू. मी हो हो म्हटलं. पोटात एक आणि ओठांत एक, हे तेव्हापासून सुरू झालं. बेळगावातही कायदा शिकता येतो, पण मला घरापासून लांब, हॉस्टेलात राहून शिकायचं होतं, आणि तेही तू माझ्यासारखंच म्हणायला लागलीस. माझी एकेक गोष्ट तू उचलत होतीस, आणि तुला माहीतही नव्हतं.

परीक्षेला आपण कोल्हापूरला गेलो तो दिवस आठवतो? तू विसरली असशील, कारण तुझ्या दृष्टीनं त्यात काहीच घडलं नाही. बस खच्चून भरलेली. तू कंडक्टरशी कन्नडात दोन वाक्यं बोललीस, तो हसला आणि त्यानं आपल्याला पुढची सीट करून दिली. संकेश्वरला एक म्हातारी चढली, तिच्याशी तू कन्नडात सुरू झालीस, निपाणी येईपर्यंत तिनं तुला आपल्या सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगितली आणि उतरताना तुझ्या गालावरून हात फिरवला. कोल्हापुरात उतरलो तर चहावाल्याशी तू असं ठसक्यात मराठी बोललीस की त्यानं विचारलं, पोरी कुठल्या गं, कागलच्या व्हय? मी सगळा वेळ तुझ्या शेजारी होते. माझ्या गालावरून कुणी हात फिरवला नाही. मलाही कन्नड येतं, पण तोंडात आलेलं वाक्य मी आधी तपासून बघते, तोवर माणूस निघून जातो. तू जिथं जातेस तिथली होतेस. माझ्या डोळ्यात हे खुपायचं, भाग्या. मार्कांपेक्षा जास्त खुपायचं.

आणि मग निकाल. तुला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त. यादी आधी माझ्या फोनवर आली. तुला मी तिचा फोटो पाठवला, तो तुझ्या नावाच्या खाली कापून पाठवला. सीमाभागाच्या जागांत तुझं नाव शेवटचं होतं. मी कापलेल्या भागात प्रतीक्षा यादी होती आणि तिच्यात पहिलं नाव माझं होतं. तुला मी सांगितलं की माझा नंबर फार खाली गेला, आता मी बेळगावातच बीए करणार. तू फोनवर रडलीस. माझ्यासाठी. मी तुला समजावलं, नशिबात असतं तेच होतं वगैरे. इतकं चांगलं समजावलं की मलाच माझं कौतुक वाटलं.

आता तुला कळलंच असेल. तुझं डोकं माझ्यापेक्षा जलद चालतं, म्हणून तर हे सगळं झालं. तो अर्ज मी केला. मामाकडं संकेश्वरला गेले होते ना, तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला आणि तिथल्याच पोस्टात टाकला, म्हणजे पाकिटावर इकडचा शिक्का नको. मुलीची आई कन्नड शाळेत शिकलेली, आजीला मराठी वाचता येत नाही, घरात हाका कन्नडातून मारतात, आई मागावर तुटलेले धागे सांधताना ओंदु, एरडु, मूरु असं मोजते. सगळं खरं लिहिलं. एक अक्षर खोटं नाही. तुझे आप्पा तुझ्याशी मराठीशिवाय बोलत नाहीत, तुझी शाळा पहिलीपासून माझ्याच बाकावर झाली, तू झोपेत बरळतेस तेही मराठीत, हे तेवढं लिहिलं नाही.

ते धागे मोजण्याचं मी लिहायला नको होतं. कॉलेजातून आलेली अर्जाची प्रत वाचून तुझ्या आप्पांना वाटलं की हे तुमच्या मागाच्या शेडमधल्याच माणसाचं काम, आणि बोट गेलं तिथंच शेजारी माग टाकलेल्या शामूकाकांकडं. तू सकाळी किती सहज सांगितलंस, "आप्पांनी त्यास्नी महिनाअखेर माग उचला म्हणून सांगितलंय. पंधरा वर्सं शेजारी बसून असं करतंय बघ माणूस." शामूकाका, जे आपल्या दोघींना लहानपणी रंगीत सुताच्या कांड्या खेळायला द्यायचे. त्यांनी देवाची शपथ घेतली आणि तुझ्या आप्पांनी तोंड फिरवलं, हेही तूच सांगितलंस. त्यांचा काही दोष नाही. हे पत्र वाचून झालं की दुसरं काही करायच्या आधी आप्पांना एवढं सांग.

अजून एक आहे, आणि ते सगळ्यांत वाईट आहे. बेळगावात कॅम्पातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात आपण फॉर्म भरायला बसलो होतो. तुझा फॉर्म मी भरत होते, कारण तुला त्या स्क्रीनवरचं बारीक अक्षर बघून झोप येते. मातृभाषेच्या रकान्याशी आल्यावर तू माझा हात धरलास. "थांब गं. आईची कन्नड, आप्पांची मराठी. दोन्ही लिवायला जागा न्हाय व्हय?" नव्हती. एकच निवडायची होती. तू म्हणालीस, दुकानदाराला विचारू, नाहीतर घरी विचारून उद्या येऊ, उगं खोटं नको. आणि मी म्हटलं, "काय खोटं? शाळा मराठी, बाप मराठी. लई इचार करू नको." माऊस माझ्या हातात होता. मराठी मी दाबलं. तेव्हा मला तू सोबत हवी होतीस. तू माझ्या पुढं जाशील हे डोक्यातच आलं नव्हतं. तू विचारून येऊ म्हणालीस, मी तुला गप्प केलं, आणि पुढं अर्जात त्याच उत्तरावर मीच बोट ठेवलं.

तुझी आई मला आल्याआल्या "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का असं विचारते आणि मीही कन्नडातूनच झालं म्हणते. जेवलेली असले तरी ती ताट वाढते. त्याच ताटात जेवून मी तिच्या भाषेची चहाडी केली. आणि माझी आई तरी कोण? संकेश्वरची. मामाशी फोनवर भांडताना ती पूर्ण कन्नडात भांडते, आमची आजी तर मरेपर्यंत देवाला कन्नडातूनच आळवायची. माझ्याबद्दल असाच अर्ज कुणी केला असता, तर माझाही रकाना टिकला नसता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते असं. आपल्या भागात कुणाचं घर एका भाषेचं आहे, सांग बघू. हे सगळं मला अर्ज पोस्टात टाकतानाही माहीत होतं. तरी टाकला. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं होतं, भाग्या. दोन दिवस बरं वाटत होतं.

मला तुझा अजूनही हेवा वाटतो. हे लिहिलं म्हणून तो गेला असं समजू नकोस. सकाळी तू माझ्यावर एवढा विश्वास टाकलास, त्याचाही हेवा वाटला. मला कुणावर असा टाकता येत नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मग मी रडले असते, तू माफ करून मोकळी झाली असतीस, आणि गुरुवारपर्यंत मी त्यातलं निम्मं नाकारलं असतं. म्हणून कागद. आमच्या शेजारची रूपालीताई उद्या शिवणाच्या क्लासला तुमच्या वडगावला येईल, तिच्याकडून तो तुझ्याच हातात पडेल. गुरुवारी मला नेलंस तर मी येईन आणि सांगेन की हिच्या आईची भाषा कन्नड, वडिलांची मराठी, हिची दोन्ही. रकाना मी भरला आणि तक्रारही मीच केली. त्यावर ते काय ठरवतील मला माहीत नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर मला सोड आणि हा कागद ने. आणि तुझी जागा गेलीच, तर ती माझ्याकडं येईल. फोन येईल, आमचे आप्पा पेढे आणतील, आणि त्या वेळी मी हो म्हणेन. मी स्वतःला ओळखते, मी नक्की हो म्हणेन. म्हणून आजच लिहून देते की ती जागा मी घेणार नाही. घेतली, तर हेच पत्र कॉलेजात नेऊन त्यांच्या टेबलावर ठेव.

तू म्हणशील तोवर तुझीच,

आरोही मष्णू धामणेकर
मु. पो. सांबरा
वर लिहिलेलं सगळं माझ्या हातचं आहे आणि खरं आहे.