तांबड्या पेशीतले विकर

प्रिय आत्या,

उत्तर येत असूनही वर्गात कधी हात वर न करणारी तुझी भाची आज प्रयोगशाळेत चक्क ओरडली!

तुझ्या धाकट्या लेकाच्या शरीरात जे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच नाही, ते आम्ही मूळपेशींपासून वाढवलेल्या तांबड्या रक्तपेशींत घडवले. पक्व होताना ही पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते. त्यासोबत विकरही जाईल, अशी धास्ती होती. ते टिकले, आणि त्याच्या रक्तात साचते तेच विष नळीत दोन तासांत निम्म्यावर आले!

"आधी तीनदा करून दाखव, मग नाच," माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

"नाचत नाही, बाई."

"पाय बघ स्वतःचे!"

गेल्या वर्षी असाच पहिला निकाल मी घाईने तुला कळवला. औषध सापडले, असे समजून धाकट्याने पथ्य मोडले आणि रुग्णालय गाठले. पुढे तो प्रयोगही फसला. तू मला एका शब्दाने दुखावले नाहीस.

म्हणून हे पत्र वहीतच राहील. मघाशी फोनवर मी फक्त त्याच्या पथ्याची चौकशी केली.

"पाळतोय गं. पण तुला धाप का लागली?"

"जिना चढून आले, आत्या."

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे.

तुझी,
आनंद पोटात न मावणारी भाची