खळ्यावरचा सामना

जानेफळ, ता. मेहकर
२२ डिसेंबर १९६४

तीर्थस्वरूप मामाजींच्या सेवेशी,

जानेफळहून आपला जावई शालिग्राम याचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. आपली, मामीजींची, पुष्पाची आणि बाळाची खुशाली सवडीनं कळवावी. थंडीनं मामीजींचे गुडघे दुखतात असं पुष्पाच्या पत्रात होतं. त्यांनी एरंडाचं पान गरम करून बांधावं. मीही माझ्या गुडघ्याला तेच बांधतो. गुण येत नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

बाळाच्या बारशाला आपण चारचौघांत मला म्हणालात, की संक्रांतीपर्यंत नोकरी कायम करून दाखवा, तेव्हाच पोरगी न् नातू पाठवतो. नाहीतर खामगावच्या अडतीवर येऊन कांदे तोला. त्या वेळी माझ्या तोंडात घुगऱ्या होत्या, म्हणून उत्तर राहिलं. ते आता सविस्तर देतो.

आपला खरा राग रेल्वेची नोकरी सोडल्याचा आहे, हे मी जाणतो. पण मामाजी, रेल्वेनं मला ती नोकरी दिली होती बास्केटबॉल खेळण्यासाठी. बारा वर्षं मी संघातून खेळलो, दिल्ली-मद्रास पाहिली. (आमच्या लग्नात आपण पाहुण्यांना ‘जावई रेल्वेत आहे’ एवढंच सांगत होता, आणि तिथं काय करतो असं कोणी विचारलं की पाण्याचा तांब्या मागवत होता. मी बोहल्यावरून सगळं पाहत होतो.) मग गुडघा गेला. साहेबांनी मला मालधक्क्यावर पोती मोजायला बसवलं. पोतीच मोजायची तर सासऱ्याची का मोजू नयेत, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण मला पोतीच मोजायची नव्हती. ज्याला खेळता येत नाही त्यानं खेळ शिकवावा, असा या धंद्याचा रिवाज आहे. म्हणून नागपूरला शिक्षकांचा वर्ग केला आणि इथल्या शाळेत लागलो. जागा तात्पुरती. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष जानराव यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मास्तर, मेहकरच्या पोरायले एकदा हरवून दाखवा, जागा पक्की. नाही हरवलं तं जागाच नाही.” म्हणजे माझी नोकरी, आणि तिच्यामागं आपली मुलगी आणि माझा मुलगा, सगळं एका सामन्यावर येऊन बसलं.

शाळेला मैदान नव्हतं. जानरावांनीच आपल्या खळ्याची जागा दिली. मी दोन टोकांना दोन सागवानी खांब खोल गाडले, वर फळ्या आणि लोखंडी कडी लावली, बायांनी जमीन शेणानं सारवून दिली. जमीन अशी झाली, की दिल्लीतही तशी नव्हती. पण आपण शेतीवाडीतले, पुढचं ओळखलंच असेल. ज्वारी निघाली. खळ्याला मधोमध मेढ लागते, बैल तिच्याभोवती फिरवायचे असतात. इतके मजबूत आयते खांब उभे असताना नवी मेढ कोण गाडणार? एका खांबाशी जानरावांचं खळं लागलं, दुसऱ्याशी त्यांच्या धाकट्या भावाचं. दोन्ही खांबांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. (प्रसाद मलाही दिला. मी खाल्ला. तिथंच माझी बाजू पडली.) पूजलेली मेढ रास उचलल्याशिवाय मोकळी होत नाही. तेव्हा पोरं बैलांच्या मधून खेळू लागली. बॉल बैलाला लागला की आधी बैलाची माफी, मग पुढचा खेळ.

त्यातून एक खोड लागली, तिला माझ्या नागपूरच्या पुस्तकात औषध नाही. ही पोरं लहानपणापासून खळ्यावर बैलांमागं फिरलेली, आणि बैल फिरतात एकाच अंगानं. त्यामुळं बॉल हातात आला की पोरगं डावीकडंच वळायचं. समोर चार जण उभे असोत, डावीकडंच. उजवीकडं वळायला सांगितलं तर उभंच राहायचं. मी ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी कचरू नावाचा उंच पोरगा उजवीकडं वळायला शिकला. पुंजाजींचा हा मुलगा. त्यांच्याकडं ना खळं ना बैल, म्हणून ती खोडही नाही. हातपाय लांब, बोलणं कमी. त्याचं वळणं पाहिलं आणि मला वाटलं, आता जिंकलो.

गेल्या रविवारी सामना झाला. राशी उचलल्या होत्या. सगळा गाव तर होताच, आजूबाजूची गावंही बैलगाड्या जुंपून आली होती. मेहकरची पोरं बूट घालून होती, आमची अनवाणी. आम्ही तोडीस तोड खेळलो. मी कडेला बाकावर होतो. मामाजी, खेळणं सोपं आहे हो, बाहेर बसणं महाकठीण. आपली अडत दुसऱ्याच्या हाती देऊन समोरच्या ओट्यावर गप्प बसून पाहा, म्हणजे कळेल.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं मागं होतो. बॉल कुणाच्या तरी हातातून सुटला आणि रेषेकडं घरंगळत आला. बाहेर गेला नव्हता. कचरू त्याच्यामागं धावत होता. मी बाकावरून कधी उठलो ते मला माहीत नाही. गुडघा दुखला नाही, त्यालाही माहीत नसावं. मी बॉल उचलला आणि फेकला. आणि आत गेला! बारा वर्षांत इतक्या लांबून माझा एकही गेला नव्हता; जायचा होता तो जानेफळला, आणि तेव्हा.

गावानं मला खांद्यावर घेतलं. बुलढाण्याहून आलेले पंच शिटी फुंकत धावत आले. मास्तरनं बॉलला हात लावला, गुण धरता येत नाहीत, उलट शिक्षा म्हणून मेहकरला कोणी न अडवता एक मोकळा नेम. त्यांनी तोही घातला. आम्ही हरलो. जानराव पंचांवर धावून गेले, “मास्तरनं टाकला म्हून काय झालं बे? आत गेला का नाही? साऱ्या गावानं पाह्यला!” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आन मास्तर, येवढा नेम असून तुम्ही भायेर काऊन बसून राह्यले? तुम्हीच खेळत जा ना. अकरावीत नाव घालून टाकू तुमचं.” ते थट्टा करत नव्हते.

गर्दी पांगल्यावर कचरू आला. म्हणाला, “सर, तो बॉल मले भेटला असता.” एवढंच. रागानं नाही, सांगून टाकावं तसं. मामाजी, मला फार लाज वाटली. त्याला भेटलाच असता. तो उजवीकडं वळला असता, समोर मोकळी वाट होती, मी रोज त्याला हेच तर शिकवलं होतं. पोरानं शिकलेलं मी त्याला करू दिलं नाही. हा बॉल आजवर मी माझाच समजत आलो, हे मला त्या दिवशी कळलं.

मेहकरचे हेडमास्तर भले गृहस्थ. झालं ते गमतीवारी नेऊन त्यांनी संक्रांतीच्या आधी आपल्या मैदानावर पुन्हा सामना ठेवला आहे. जानराव म्हणतात, जागेचा फैसला आता त्यावर. एकंदरीत सर्व ठीक आहे. मामीजींना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक जावई,
शालिग्राम

ता. क. हरलो तर मी अडतीवर येईन. मर्दाचा शब्द आहे. कांदे तोलता येत नाहीत, पण लांबून पोत्यात नेमके टाकता येतील.

ता. क. पोरं तयार आहेत. आता डावीउजवी दोन्हीकडं वळतात. काळजी पोरांची नाही, माझ्या हातांची आहे. जानराव मला बाकाला बांधून ठेवा म्हणतात. तसं बरं दिसणार नाही.

ता. क. विचार करता एक उपाय सुचला. मेहकरच्या सामन्याला माझ्या हातात तान्हं मूल असलं, तर बॉल पायाशी आला तरी मी तो उचलणार नाही. दुसऱ्या कशासाठीही मला हे जमणार नाही. तरी सामन्याआधी बाळाला जानेफळला पाठवावं. आपली अट मोडा असं मी म्हणत नाही. पुष्पाला आपण खुशाल ठेवून घ्यावं. फक्त बाळ अजून अंगावर पितं, तेव्हा त्याच्यासोबत कोणाला पाठवायचं, ते आपणच ठरवावं.