पुसला जाणारा नेमसर्व्हर

सातारा, मंगळवार संध्याकाळ

आज चहावर तिसऱ्यांदा साय धरली. इतिहासाने नोंद घ्यावी. आमच्या पाठशाळेच्या सर्व्हरवर एका फाइलमध्ये नेमसर्व्हरचा, म्हणजे नावावरून संगणक शोधून देणाऱ्या यंत्राचा, पत्ता लिहिला की मेल बाहेर जायचे, सर्व्हर रीस्टार्ट केला की पत्ता गायब. शेवटी सांगलीला, सासरी असलेल्या मुलीला, वैदेहीला, फोन लावला.

"आवं बाबा, ती फाइल सर्व्हर दर वेळी स्वतःच नव्यानं लिहितो. पत्ता नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घाला. एवढे पंडित, आणि मूळ ग्रंथ सोडून टीकेत दुरुस्त्या करताय!"

घातला. रीस्टार्ट केला. पत्ता जागेवर! छाती माझीच फुगली. सर्व्हर समोर नसताना सांगितलं पोरीनं! आणि किती दिवसांनी अशी हसली. लग्नाआधी हेच तर काम करायची. नोकरी तिनं स्वतःहून सोडली की सोडायला लावली, हे विचारायची मला भीती वाटते.