टेबलावरच्या बोर्डाला हात लावू नकोस

बाळ,

टेबलावरच्या सर्किट बोर्डाला हात लावू नकोस, त्याला लॅपटॉपही जोडू नकोस. मी किटलीच्या सॉकेटमधली न्यूट्रलची तार थेट बोर्डाच्या ग्राउंडला जोडली होती. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की लॅपटॉपच्या पत्र्यात वीज उतरते, हे पुस्तकात दोनदा वाचूनही चुकलो. काल तुला बसलेला झटका त्याचाच. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं.

प्लग काढून ठेवलाय. घरची वीज आणि बोर्ड यांच्या मधे घालायला छोटा ट्रान्सफॉर्मर आणायला गेलोय.

किटलीचं बटण दाबलं की माझ्या खोलीत दिवा लागावा, एवढंच करायचं होतं. तू कधी येतेस, कधी जातेस, कळतच नाही. ते जमेपर्यंत किटली लावलीस की माझं दार वाजवशील का? मला चहा नको असला तरी.

बाबा